आठ इंच आणि अर्धा सूत

नागपुरातल्या सक्करदऱ्याच्या एका ताईंनी तीन फोटो पाठवून विचारलंय. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: वडिलांची घरामागे टिनाच्या शेडमध्ये खरादाची छोटी कार्यशाळा होती, ते शाफ्टची कामं करायचे. वडील गेल्यावर दोन वर्षांपूर्वी लेथ, म्हणजे खरादाचं मशीन, कामठीकडच्या एका माणसाला विकला. आता शेड रिकामी करताना भिंतीवर खिळ्याला टांगलेलं एक दातेरी चाक सापडलं. वजन साधारण तीन किलो, मध्ये भोक, भोकाला एक चौकोनी खाच. दात दोनदा मोजले, एकदा १२६ भरले, एकदा १२७. पट्टी लावली तर व्यास आठ इंचांहून किंचित जास्त. एका बाजूला आकडा ठोकलेला आहे, पण गंजामुळे '१२' एवढंच वाचता येतं. शेजारचे काका म्हणतात, हे एम्प्रेस मिलच्या मशीनचं आहे, कारण ताईंचे आजोबा मिलमध्ये होते. भंगारवाला किलोच्या भावाने न्यायला तयार आहे. 'हे काय आहे आणि ठेवण्यासारखं आहे का?'

ताई, आधी दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर देतो, कारण भंगारवाला दारात उभा असेल. देऊ नका. हे चाक लेथचं आहे. ज्या लेथवरून ते निघालं, त्या लेथचं एक मोठं काम ह्याच्याशिवाय अडतं. आता हे कशावरून म्हणतो ते सांगतो.

दातांपासून सुरुवात करू. शंभरच्या वर दात असले की बोटाने मोजताना माणूस चुकतोच, त्यात तुमचा दोष नाही. आम्ही असं करतो: साध्या कागदाची लांब पट्टी कापायची, चाकाच्या कडेभोवती घट्ट गुंडाळायची आणि वरून पेन्सिल आडवी धरून घासायची. प्रत्येक दाताची काळी रेघ कागदावर उमटते. पट्टी टेबलावर पसरा आणि दर दहा रेघांनंतर लाल खूण करा. बारा खुणा होऊन वर सात रेघा उरल्या, तर १२७. ह्यात चूक होत नाही.

पण तुमच्या बाबतीत मला कागदाचीही गरज वाटत नाही, कारण व्यासानेच दात मोजून दिलेत. फोटोत स्टीलची पट्टी चाकावर आडवी ठेवली आहे, तो फोटो मोठा करून पाहिला. आठ इंचांची रेघ संपते आणि त्यापुढे अर्धा सूत. इंचाचे आठ सूत, म्हणजे अर्धा सूत हा इंचाचा सोळावा भाग. इंचाच्या हिशोबात बनवलेल्या गिअरचा नियम असा की दातांच्या संख्येत २ मिळवून बाहेरच्या व्यासाच्या इंचांनी भागायचं. जो आकडा येतो त्याला आम्ही डीपी म्हणतो, आणि तो ठरलेल्या आकड्यांपैकीच असावा लागतो: १०, १२, १४, १६, २० असे. १२७ दात धरले तर १२९ भागिले ८.०६२५, उत्तर नेमकं १६. शेष नाही, अपूर्णांक नाही. १६ डीपीच्या गिअरमध्ये एक दात वाढला की व्यास अर्ध्या सुताने वाढतो. १२६ दात असते तर व्यास बरोबर आठ इंच भरला असता, १२८ असते तर आठ इंच एक सूत. तुमचा अर्धा सूत म्हणजेच तो १२७ वा दात.

हेच मोजमाप मिलिमीटरमध्ये करून बघा. व्यास जवळजवळ २०५ मिमी. मेट्रिक गिअरसाठी व्यासाला १२९ ने भागायचं, त्या उत्तराला मॉड्यूल म्हणतात. इथे ते १.५९ च्या आसपास येतं. बाजारात मॉड्यूल १.५ मिळतो, १.७५ मिळतो, २ मिळतो. १.५९ नावाचं काही नाही. म्हणजे चाक इंचाच्या कारखान्यात इंचाच्या मापाने कापलं गेलंय. हे लक्षात ठेवा, कारण पुढे ह्याच चाकाचं काम मिलिमीटरशी आहे आणि खरी गंमत तिथेच आहे.

आता काकांच्या मिलच्या गोष्टीकडे. ती मी उडवून लावत नाही. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १८७७ पासून आपल्या गावात होती. तिथल्या कामगारांच्या घरी तिथल्या वस्तू मिळणं अगदी साहजिक आहे. सुताच्या मशीनवरही बदलायची दातेरी चाकं असतात आणि त्यांच्यावरही दातांची संख्या ठोकलेली असते. म्हणून नुसता ठोकलेला आकडा पाहून लेथ की मिल हे ठरवता येत नाही. पण मिलचं चाक पाळ्यापाळ्यांनी फिरतं. त्याचे दात एका अंगाने झिजून टोकाकडे सुरीसारखे होतात, आणि दातांच्या मुळाशी ग्रीसमध्ये कापसाची पूड बसून काळा दगड झालेला असतो. तुमच्या फोटोतल्या दातांचे माथे सपाट आहेत, एकसारख्या रुंदीचे. गंज आहे, झीज नाही. हे चाक वर्षात थोडेच दिवस फिरलंय आणि उरलेले दिवस खिळ्यावर टांगलेलं होतं. लेथच्या १२७ चं आयुष्य असंच असतं.

धातू कोणता, तेही बघून घ्या. खाचेच्या आतल्या कोपऱ्यात कानशीचा एक हलका हात मारा. चकचकीत कीस न निघता काळी भुकटी निघाली आणि बोट काळं झालं, तर ते बीड, म्हणजे ओतीव लोखंड. जुन्या लेथचे चेंज गिअर बहुतेक बिडाचेच असायचे. बीड आघाताने तुटतं, तेव्हा चाक फरशीवर आपटू देऊ नका. एक दात गेला तर चाक गेलं.

आता मुख्य गोष्ट. १२७ च का?

लेथवर आटे पाडताना, म्हणजे आपल्याकडच्या भाषेत चुडी काढताना, दोन गोष्टी एकत्र फिरतात. चकमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरलेला जॉब (घडवायचा तुकडा) फिरतो आणि खालचा लांब लीड स्क्रू फिरतो, तो टूलला, म्हणजे कापणाऱ्या हत्याराला, सरकवतो. जॉबच्या एका फेऱ्यात टूल जेवढं सरकेल, तेवढं दोन आट्यांमधलं अंतर, त्याला पिच म्हणतात. चक आणि लीड स्क्रू ह्यांच्यामध्ये गिअर लावलेले असतात आणि ते बदलून हवी ती पिच मिळवतात, म्हणून त्यांना चेंज गिअर म्हणतात.

राजकोट, बटाला, लुधियानाकडून आलेल्या जुन्या लेथचा लीड स्क्रू बहुतेक वेळा इंचाचा असायचा, एका इंचात ४ आटे. त्यावर इंचाची चुडी काढणं सोपं. एका इंचात ८ आटे हवे असतील तर २० आणि ४० चा जोड लावा, झालं. पण मिलिमीटरची चुडी आली की अडचण सुरू होते. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, नेमकं तेवढंच. १९५९ मध्ये इंग्रजी बोलणाऱ्या देशांनी हा आकडा आपसात पक्का केला. २५.४ मधलं दशांश चिन्ह काढून टाका, २५४ उरतात. २५४ म्हणजे दोनदा १२७. आणि १२७ ही मूळ संख्या आहे, तिला कशानेच भाग जात नाही. म्हणून इंचाच्या लीड स्क्रूवर मिलिमीटरची चुडी नेमकी पाडायची असेल, तर गिअरच्या साखळीत कुठेतरी १२७ दात यावेच लागतात. त्याला लहान करता येत नाही. आठ इंच व्यासाचं अवजड चाक बनवण्याची हौस कोणाला नसते. १२७ दात बसवायचे म्हटल्यावर १६ डीपीला तेवढा व्यास लागतोच.

आपल्या देशात वजनमापांचा कायदा १९५६ चा. १९५८ पासून मेट्रिक मापं टप्प्याटप्प्याने लागू झाली. कागदावर बदल झाला, पण कारखान्यातला लेथ तोच राहिला, पाईप तेच राहिले. आजही पाण्याच्या पाईपचे आटे इंचाचेच आहेत: अर्ध्या इंचाच्या पाईपला इंचात १४, एक इंचाच्या पाईपला ११. आपल्या विदर्भातल्या गावोगावच्या इंडिया मार्क टू हापशीचंच उदाहरण घ्या. पाणी वर आणणाऱ्या पाईपचे आटे इंचाचे आणि आतल्या सळईचे आटे एम १२, म्हणजे १२ मिमी जाडीला १.७५ मिमी पिचचे. एकाच बोअरमध्ये दोन्ही मापं शेजारी शेजारी. जो खरादी हापशीचं काम घ्यायचा, त्याला दोन्ही चुड्या यायलाच हव्यात. त्यासाठीच हे चाक.

ह्याचा वापर कसा होतो ते सांगतो, कारण त्यावरूनच तुमच्या शेडमधलं एक गूढ सुटतं. ४ आट्यांच्या लीड स्क्रूवर १२७ चं चाक बसवायचं. चककडच्या बाजूला जे चाक लागतं, त्याचे दात हव्या त्या पिचच्या वीसपट. १ मिमीला २०, १.५ ला ३०, २ ला ४०. मधे कोणतंही चाक फक्त अंतर भरायला. इतका सरळ हिशोब आहे.

आणि आता तुमच्या तिसऱ्या फोटोकडे या. चाक जिथे टांगलं होतं, त्याच्या खाली भिंतीवर लाल ऑइलपेंटने आकडे लिहिलेत:

१ — २०
१.२५ — २५
१.५ — ३०
१.७५ — ३५
२ — ४०
२.५ — ५०

तुम्ही लिहिलंय, 'बाबांनी बहुधा किलो आणि भावाचा हिशोब लिहिला असावा.' ताई, तो भाव नाही. डावीकडे मिलिमीटरची पिच आहे आणि उजवीकडे लावायच्या गिअरचे दात. प्रत्येक ओळीत उजवा आकडा डाव्याच्या वीसपट आहे, म्हणजे बाबांच्या लेथचा लीड स्क्रू इंचाला ४ आट्यांचाच होता. लेथ न पाहताही हे मी खात्रीने सांगतो. १.७५ ची ओळ आहे, म्हणजे त्यांच्याकडे एम १२ चं काम यायचं. १.५ ची ओळ इतरांपेक्षा जास्त पुसली गेली आहे, तेलकट बोट त्यावर वारंवार टेकलंय. त्याचंही कारण मी अंदाजाने सांगू शकतो: बेअरिंगचे लॉक नट, म्हणजे शाफ्टवर बेअरिंग जागच्या जागी आवळून धरणारे नट. ४० मिमीच्या शाफ्टवर बसणारं लॉक नट एम ४० चं असतं आणि त्याची पिच १.५. ५० च्या शाफ्टचीही १.५. जिनिंगच्या मशीनपासून रसवंतीच्या चरख्यापर्यंत शाफ्ट दुरुस्तीला आला की हीच चुडी पाडावी लागते. तुम्ही सांगितलंच आहे की बाबा शाफ्टची कामं करायचे.

आता कोणी तुम्हाला म्हणेल की १२७ शिवायही काम भागतं. हो, थोडंफार भागतं. १.५ मिमीऐवजी इंचात १७ आट्यांची चुडी काढतात. ती १.४९४ मिमी भरते. एका आट्याला फरक केसाच्याही आतला. सात आटे चढणारं लॉक नट थोडं घट्ट जातं, पण जातं. शंभर आट्यांचा लांब स्क्रू असला तर तोच फरक अर्ध्या मिलिमीटरच्या वर जातो आणि नट मध्येच आवळून बसतं. ६३ दातांच्या चाकानेही जवळपास पोचता येतं, तिथे चूक आठ हजारात एक एवढीच राहते आणि ती कुठल्याही साध्या कामात कळत नाही. चांगला उपाय आहे तो. पण हिशोब किचकट होतो, दोन जोड्या लावाव्या लागतात आणि घाईत उलटसुलट होतं. १२७ असेल तर भिंतीवरच्या सहा ओळी पुरतात. मी स्वतः तरी १२७ लाच पसंती देईन, आणि तुमच्या बाबांनीही तेच केलेलं दिसतं.

ह्या चाकाची एक अट आहे, ती मी जॉब बिघडवून शिकलो. आयटीआय करून हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात लागलो होतो, वर्ष पुरं व्हायचं होतं. इंचाच्या चुडीला आम्ही प्रत्येक फेरीनंतर हाफ नट (लीड स्क्रूला पकडणारा दोन अर्ध्यांचा नट) उघडायचो, कॅरेज (टूल धरणारा सरकता भाग) हाताने मागे घ्यायचो आणि चेझिंग डायलवरचा, म्हणजे नट पुन्हा कधी जोडायचा ते दाखवणाऱ्या तबकडीवरचा, आकडा पाहून पुन्हा जोडायचो. हाताला तीच सवय. उस्तादांनी १२७ लावून दिलं, म्हणाले, 'हाफ नट उघडायचा नाही.' का, ते विचारायचं सुचलं नाही. एम ४० चा शाफ्ट होता, पहिली फेरी छान गेली. टूल शेवटाला पोचलं आणि हात आपोआप लिव्हरवर गेला. डायलवर तोच आकडा पाहून जोडलं. टूल पहिल्या आट्याच्या मधोमध शिरलं. पहिल्या चुडीची धार सोलून निघाली, चांदीसारखा कीस गुंडाळत वर आला. आवाज बदललेला ऐकून उस्ताद दुरून धावत आले. शाफ्ट गिऱ्हाइकाचा होता, जुना, दुसरा मिळणार नव्हता. उस्तादांनी तो भाग वेल्डिंगने भरला, पुन्हा टर्न केला आणि रात्री आठपर्यंत थांबून चुडी स्वतः काढली. ओरडले नाहीत, पण माझ्याशी बोललेही नाहीत.

कारण नंतर त्यांनीच खडूने फरशीवर लिहून समजावलं. ४ आट्यांचा लीड स्क्रू आणि १.५ ची चुडी एकमेकांशी जुळतात ती साडेसात इंचांवर एकदा. लीड स्क्रूचे ३० आटे म्हणजे १९०.५ मिमी, आणि जॉबचे १२७ आटे म्हणजेही १९०.५ मिमी. मधे कुठेही हाफ नट जोडला तर टूल भलत्याच जागी उतरतं. डायल इंचाच्या हिशोबाने बनवलेला, त्याला मिलिमीटर कळत नाही. म्हणून १२७ लावलं असताना हाफ नट शेवटपर्यंत लावलेला ठेवायचा, टूल बाहेर काढून घ्यायचं आणि मशीन उलटी फिरवून कॅरेज मागे आणायची. वेळ लागतो. पण चुडी बिघडत नाही. आणि मेट्रिक चुडीचं टूल ६० अंशांत घासायचं, इंचाच्या व्हिटवर्थ चुडीला ५५ अंश असतात. गिअर बदलला आणि टूल तेच ठेवलं तर पिच बरोबर येऊनही नट नीट बसत नाही.

चाकाची किंमत म्हणाल तर मी आकडा सांगणार नाही, पण हे सोप्याने मिळणारं चाक नाही एवढं सांगतो. छोट्या कारखान्यात गिअर डिव्हायडिंग हेडवर कापतात. त्याचा हँडल ४० फेरे फिरवला की जॉब एक फेरा फिरतो. ३६ दात, ४० दात, ६० दात, सगळे प्लेटवरच्या भोकांवरून निघतात. १२७ ला साध्या प्लेटवर भोकांचं वर्तुळच नाही, मूळ संख्या ना. त्यासाठी हेडच्या मागे वेगळे गिअर लावून डिफरेन्शियल पद्धतीने कापावं लागतं आणि ते काम सगळ्यांना येत नाही. इतवारीच्या लोहा ओळीत जुन्या मालात शोधलं तर एखादं सापडेलही, पण भोक, रुंदी आणि डीपी तिन्ही जुळायला हवेत. तुमच्याकडे आहे ते जुळलेलं आहे.

स्वच्छ करायचं असेल तर ग्राइंडर किंवा एमरी दातांना लावू नका. रात्रभर डिझेलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी पितळी ब्रशने दातांच्या दिशेने घासा, जुन्या सुती कपड्याने पुसा आणि पातळ तेलाचा हात द्या. भोकाला तर काहीच करू नका, ते सैल झालं तर चाक डुगडुगतं. आकड्यावरचा गंज निघाला की '१२' च्या पुढचा ७ दिसेलच.

आणि कामठीच्या त्या माणसाला फोन करा. दोन वर्षं तो मेट्रिक चुडी कुठून तरी बाहेरून करून आणत असेल किंवा १७ आट्यांवर भागवत असेल. लेथबरोबरचा गिअरचा डबा त्याच्याकडे आहे, त्यात २०, २५, ३०, ३५, ४०, ५० असतील, फक्त मोठं चाक नाही. शेडला चुना मारणार असाल तर आधी भिंतीवरच्या त्या सहा ओळींचा स्वच्छ फोटो काढा, आकडे पूर्ण दिसतील असा, आणि चाकाबरोबर तोही त्याला पाठवा. १.५ च्या ओळीतला ३० पुसट झालाय, तो तेवढा हाताने लिहून द्या.